शेंगांच्या जत्रेआधीची चाचणी

मी पत्रकं लिहिते. रुग्णांच्या हक्कांसाठी भांडणारा आमचा एक छोटा गट आहे बेंगळुरूत. कन्नड पत्रक दुसरी एक जण लिहिते, इंग्रजी आणि क्वचित मराठी माझ्याकडे. पत्रकाचा नियम असा की पहिल्या वाक्यात शत्रू कोण ते सांगायचं आणि दुसऱ्यात त्याने काय केलं ते. तिसऱ्या वाक्यापर्यंत माणूस वाचत नाही, कागदाचा पंखा करून वारा घेतो. इथेही तसंच करते. शत्रू म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिटीत दुसऱ्या मजल्यावर दवाखान्यासारखं दिसणारं दुकान थाटून बसलेला एक गोडबोल्या माणूस. तो पपई आणि अननसातून काढलेल्या एन्झाइमच्या कॅप्सूल ॲलर्जीवरचा उपाय म्हणून देत होता, आणि त्यांच्या भरवशावर माझ्या आठ वर्षांच्या भाचीला शेंगदाणे खायला घालायची तयारी झाली होती.

भाचीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. नाक गळणं, अंगावर चार पुरळ उठणं, असली ती ॲलर्जी नाही. तीन वर्षांची असताना आमच्याच घरी, बनशंकरीला, एकादशीची खिचडी तिच्या तोंडात गेली. ओठ सुजले, डोळे मिटले, आणि मग श्वास घेताना जो आवाज यायला लागला तो मी लिहू शकत नाही. रिक्षात माझी आई तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि ताई, म्हणजे भाचीची आई, पुढे वाकून रिक्षावाल्याला सारखी कन्नडमध्ये काहीतरी सांगत होती, ज्याचा अर्थ तिलाही लागत नसावा. हॉस्पिटलात इंजेक्शन दिलं, आणि वाचली. डॉक्टरांनी सांगितलं ते सरळ होतं: शेंगदाणा नाही, थोडासाही नाही, आणि इंजेक्शन कायम जवळ.

मराठी घरातून दाण्याचा कूट काढून टाकणं काय असतं ते ज्याने काढलाय त्यालाच माहीत. कोशिंबिरीत तो, भरल्या वांग्यात तो, आळूच्या भाजीत तो, उपवासाला तर दुसरं काही नाहीच. आईने सगळं खोबऱ्यावर आणलं. ताईच्या सासरी पुण्याला मात्र आजही म्हणतात की थोडाथोडा देत राहिलं की सवय होते. त्यांच्याकडून येणारा प्रत्येक लाडू ताई आधी आपण खाते. इथे तरी काय, चित्रान्नात शेंगदाणे, हाटेलातल्या चटणीत शेंगदाणे, चहाबरोबर काँग्रेस कडलेकाई, म्हणजे मसाल्याचे शेंगदाणे. आणि कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी आमच्या घराजवळ, बसवनगुडीला, नंदीच्या देवळापाशी शेंगांची जत्रा. परिषे म्हणतात तिला. रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांचे ढीग, मापाने विकणारे, भाजणारे, उकडणारे, आणि पायाखाली टरफलांचा थर. भाचीने ती जत्रा फक्त रिक्षाच्या बंद पडद्याआडून बघितलेली. तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली जाऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच गप्पा.

तर हा एन्झाइमवाला. आमच्या भागातल्या मराठी घरांचं एक लहानसं मंडळ आहे. अर्धे लोक सरकारी कारखान्यांतून निवृत्त झालेले इंजिनियर, चाळीस वर्षं इथे राहून 'स्वल्प थांब' आणि 'सरी, बघू' असं कन्नड मिसळून बोलणारे. अर्धे पुण्या-नागपुराकडून आयटीत आलेले, जे फक्त मिसळ असली की येतात. गणपतीच्या आधीच्या बैठकीत हा मनुष्य लॅपटॉप घेऊन आला. म्हणाला, ॲलर्जी हा रोगच नव्हे, ते अर्धवट पचलेलं प्रथिन आहे. ते रक्तात जातं आणि शरीर बिचारं घाबरतं. एन्झाइमने पचन पूर्ण झालं की घाबरायचं कारणच राहत नाही. त्याच्या पडद्यावर एक हसरं आतडं होतं. मी थट्टा करत नाहीये, खरोखर डोळे आणि दात काढलेलं आतडं होतं. आणि निम्मं आयुष्य गिअर आणि टर्बाइन बघितलेली माणसं त्या आतड्याकडे बघून माना डोलावत होती, कारण या शहरात प्रत्येक जण शिंकतो आणि प्रत्येकाला कोणीतरी 'आता शिंकणार नाहीस' असं म्हणायला हवं असतं.

मी उठले आणि माझ्या कामात जे रोज विचारते तेच विचारलं. याची चाचणी कुठे झाली? औषध कोणाला दिलं, कोणाला दिलं नाही, फरक मोजला कोणी? तो हसला. असल्या माणसांचं हसू सरावाचं असतं.

"मॅडम, तुम्हीच घ्या ना चाचणी. आपल्याच माणसांत. मी तयार आहे."

आणि सगळं सभागृह वळून माझ्या बाबांकडे बघायला लागलं.

बाबा सरकारी कारखान्याच्या तपासणी खात्यात होते, नोकरी लागल्यापासून निवृत्तीपर्यंत. पुरवठादार त्यांना घाबरायचे. दिवाळीला सुक्या मेव्याचे डबे यायचे आणि त्याच रिक्षातून परत जायचे. लहानपणी मी आणि ताई खिडकीतून त्या डब्यांना निरोप द्यायचो. बाबांनी एकदा 'नाही' म्हटलं की साहेबांच्या साहेबांनाही ते 'हो' करता यायचं नाही. हे लोक आयुष्यभर त्यांच्या या स्वभावाची थट्टा करत आले होते. आता तोच स्वभाव त्यांना उपयोगी पडणार होता.

बाबा उठले आणि अटी सांगितल्या. कॅप्सूलला कोणी पैसे द्यायचे नाहीत. अर्ध्या लोकांना खरी कॅप्सूल, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी. कोणाला कुठली ते कोणालाच माहीत नाही, बाबांनाही नाही. जाहिरातीत मंडळाचं नाव नाही. निकाल काहीही आला तरी तो सगळ्यांसमोर वाचायचा. एन्झाइमवाल्याने सगळं मान्य केलं, एकही प्रश्न न विचारता. इतक्या पटकन सगळं मान्य करणाऱ्या पुरवठादाराचा माल कारखान्यात बाबांनी दोनदा तपासला असता.

घरी आल्यावर मी भांडले. माणसांवर औषधाची चाचणी घ्यायची तर परवानगी लागते, समिती लागते, बाटलीत काय आहे हे सांगून लेखी संमती घ्यावी लागते. चार काका आणि सहा काकूंवर रविवारी दुपारी हे करायचं नसतं. बाबांचं म्हणणं, यात औषध कुठे आहे, पपई आहे. मी त्यांना आमचं पत्रक दिलं. ते त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि एका वाक्यातलं कर्तरि-कर्मणि सुधारून परत दिलं.

मग मी तक्रार केली. एका सरकारी कार्यालयात सांगितलं की कॅप्सूलवर 'आहारपूरक' लिहिलंय, म्हणजे हे अन्न, तुम्ही अन्नवाल्यांकडे जा. अन्नवाल्यांनी सांगितलं की तो रोग बरा करतो असं म्हणतोय, म्हणजे हे औषध, तुम्ही औषधवाल्यांकडे जा. दोन्ही ठिकाणी चहा बरा होता. आमच्या गटातल्या ज्येष्ठ बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, यात नवीन काय.

चाचणी सुरू झाली. आमच्या घराला जी कळा आली ती बघायला हवी होती. तशाच रंगाच्या रिकाम्या कॅप्सूल आणल्या होत्या आणि आई व शेजारच्या मराठी काकू जेवणाच्या टेबलावर बसून त्यांत तांदळाची पिठी भरत होत्या, करंज्या भराव्यात तशा, मधेमधे कोणाच्या मुलीचं जमलं ते बोलत. मंडळाचे खजिनदार काका एका खोलीत दार लावून बसले आणि बाटल्यांवर 'अ' आणि 'ब' चिकटवून बाहेर आले. कुठली खरी ते एका पाकिटात लिहून, पाकीट चिकटवून, गणपतीच्या समया ठेवतात त्या कपाटात ठेवलं. ते उघडायचं दत्तजयंतीला. तोवर प्रत्येकाने रोज किती शिंकलो, किती खाजलं, ते बाबांना कळवायचं.

चिठ्ठ्या काढून बाटल्या वाटल्या, आणि आठवड्याभरात मंडळात दोन जाती तयार झाल्या. एक काका भाजीवाल्याकडे भेटले की आधी सांगायचे, 'मी अ'. दुसऱ्या एका जोडप्यात नवरा अ आणि बायको ब निघाली, तर त्यांनी घरातल्या घरात ठरवून टाकलं की खरं औषध नवऱ्याला मिळालंय, कारण त्याची जास्त गरज होती. ब वाल्या एका काकूंना तीन दिवसांत गुडघेदुखीही थांबल्यासारखी वाटली. गुडघ्याबद्दल त्यांना कोणी विचारलं नव्हतं. दसऱ्यानंतर पाऊस ओसरला, हवा बदलली, सगळेच थोडे कमी शिंकायला लागले, आणि प्रत्येकाने त्याचं श्रेय आपापल्या बाटलीला दिलं. ही सगळी शिकलेली माणसं. यांतल्या कोणीही कारखान्यात असला निष्कर्ष काढला असता तर बाबांनी त्याला फाडून खाल्लं असतं. पण शरीराची गोष्ट आली की पदवीधर माणसाला लहान मूल व्हायला फार आवडतं.

ताईने भाचीचं नाव दिलं हे मला उशिरा कळलं. भाचीच्या कोपरांच्या आतल्या बाजूला जुनी खाज होती, आणि धुळीने नाक वाहायचं. त्यासाठी तिला घ्या म्हणून ताईने बाबांना गळ घातली. बाबांनी घेतलं. बाटली स्वतःच्या हाताने दिली, कॅप्सूल उघडायची नाही, पाण्याबरोबर गिळायची असं बजावलं, आणि दर रविवारी तिचे कोपर उजेडात धरून बघायला लागले. कोपर खरोखरच बरे दिसायला लागले. का, ते मला माहीत नाही. हवेने असेल. ताईने त्याच दिवसांत साबण बदलला होता, त्याने असेल. मुलं मोठी होतात, त्यानेही असेल.

ताई आणि जिजू इलेक्ट्रॉनिक सिटीतच राहतात, त्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. एन्झाइमवाल्याने त्यांना गाठलंच. कोपर बघितले आणि सांगितलं की पचन सुधारल्याची ही खूण आहे. आता जेवणाआधी कॅप्सूल देऊन थोडे दाणे द्यायला हरकत नाही, शरीर ओळख करून घेईल. जिजूंना हे पटलं. जिजू वाईट माणूस नाही, पण त्यांना सगळं सॉफ्टवेअरसारखं दिसतं. नंतर मला म्हणाले, मंडेला सॉफ्ट लाँच करणार होतो, वर्स्ट केस हॉस्पिटल जवळ होतं. आपल्या मुलीच्या घशाबद्दल माणूस असं बोलू शकतो हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं नसतं तर पत्रकातसुद्धा लिहिलं नसतं. लोक म्हणाले असते, अतिशयोक्ती करते.

मंडे म्हणजे कार्तिकातला शेवटचा सोमवार. जत्रेचा.

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, ते तिघं आमच्याकडे मुक्कामाला आले. भाची चपला न काढताच बाबांच्या खोलीत गेली आणि सांगून टाकलं की उद्या ती परिषेला जाणार आणि शेंगा खाणार, भाजलेल्या, आणि वर्गातल्या मुलींना टरफलं नेऊन दाखवणार. आई स्वयंपाकघरात होती, तिथेच थांबली. मी बाहेरच्या खोलीत होते. जिजू गाडी लावायला गेले होते. ताई हातपाय धुवायला गेली होती, आणि मला वाटतं ती मुद्दाम गेली होती, म्हणजे सांगायचं काम पोरीनेच करावं.

आईने भाचीला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं आणि मी बाबांच्या खोलीत शिरले.

"पाकीट उघडा," मी म्हणाले. "आत्ता. खजिनदार काकांना फोन करा."

बाबा म्हणाले की पाकीट दत्तजयंतीला उघडायचं ठरलंय. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुमच्या नियमापायी नात मरेल, हा त्याचा सारांश. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल नापास केलात आणि एका भोंदूच्या दुकानाला स्वतःची अब्रू फुकट लावून दिलीत, हेही म्हणाले. बाबांनी ऐकून घेतलं. ते चिडले की आवाज उलट खाली जातो.

"समज, उघडलं. आणि तिच्या बाटलीत पिठी निघाली. मग?"

"मग ताईला कळेल. कोपर पिठीने बरे झाले. सगळा खेळ संपला."

"आणि खरी कॅप्सूल निघाली तर?"

खरं सांगायचं तर इतके दिवस मी ओरडत होते की उघडा, सिद्ध करा, पुरावा दाखवा, आणि पुरावा उलट्या बाजूने आला तर काय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरी निघाली असती तर ताई दुप्पट धीराने शेंगा घालणार होती.

"शिंका मोजल्यात आपण," बाबा म्हणाले. "खाज मोजली. शेंगा कोणी तपासल्यात? त्या पाकिटात शेंगांचं उत्तरच नाही."

ताई दारात उभी होती. तोंड ओलंच होतं तिचं. मला वाटलं ती आता माझ्यावर येईल, कारण आमच्या घरात शेवटी सगळं माझ्या तोंडाळपणावरच येतं. पण ती बाबांशी बोलली.

"बाबा, बाटली मला कोणी दिली? तुम्ही दिलीत. तुम्ही साधा बल्ब घ्यायचा तर दुकानात पेटवून बघता. त्या माणसावर माझा काय विश्वास असणार? तुम्ही हातात दिलीत म्हणून मी तिला दिली. रोज दिली."

हे मी दोन महिने सांगत होते, फक्त भाषणाच्या भाषेत. एन्झाइमवाल्याला निकाल नकोच होता. त्याला बाबा हवे होते. प्रामाणिक माणूस चाचणी घेतोय एवढी बातमी त्याला पुरेशी होती. निकाल येईपर्यंत अर्ध्या मंडळाचा विश्वास बसून गेला होता, आणि माझ्या बहिणीचाही. बाबांनी कुठेही सही केली नव्हती. पण लोकांना ती दिसत होती.

मग बाबांनी कारखान्यातली गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. त्यांच्या मावसभावाचं एक छोटं वर्कशॉप होतं आणि तिथून बोल्ट यायचे. बाबा त्या मालाला हात लावायचे नाहीत, शेजारच्या टेबलावर देऊन टाकायचे. भाऊ नाराज व्हायचा, पण नियम होता आणि तो त्यांनीच स्वतःला घातलेला होता.

"माझं या वेळी तिथेच चुकलं. घरचा माल मी तपासायला घ्यायलाच नको होता."

"ती माल नाहीये," ताई म्हणाली.

"नाही. म्हणून तर."

त्यांनी फोन उचलला आणि खजिनदार काकांना सांगितलं की चाचणी रद्द. कारण विचारलं तेव्हा म्हणाले की तपासणारा नालायक होता. मग एकेका घरी फोन केला, माझ्यासमोर, ताईसमोर. प्रत्येकाला तेच: या कॅप्सूलने काही होतं की नाही हे मला माहीत नाही, तुम्हीही माहीत आहे असं समजू नका, बंद करा. पलीकडून काय उत्तरं आली ती मला बाबांच्या चेहऱ्यावरून कळत होती. एका काकांना फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की त्यांची बाटली संपत आलीय, तर आता पुढची मिळणार का. गुडघेवाल्या काकूंनी सांगितलं की चाचणी रद्द झाली तरी त्या घेत राहणार, त्यांना चाचणीशी काय करायचंय. माणसांच्या हक्कांसाठी काम करायचं तर माणसांवर प्रेम असावं लागतं असं आमच्या गटात शिकवतात. त्या दुपारी माझ्याकडे ते शिल्लक नव्हतं.

ताईने मात्र हार मानली नव्हती. चाचणी रद्द केली म्हणून औषध खोटं ठरत नाही, असं तिने म्हटलं, आणि ते बरोबर होतं, हा त्यातला सगळ्यात संतापजनक भाग. ती पलंगाच्या कडेला बसली. पाच वर्षं ती प्रत्येक पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचत आली होती, वाढदिवसांना स्वतःचा डबा घेऊन गेली होती, शाळेतल्या बाईंना इंजेक्शन शिकवून आली होती. एक सोमवार तिला हवा होता. तिने विचारलं, मग आता हिला सांगणार कोण.

बाबा म्हणाले, मी.

माझी अपेक्षा होती की ते मोठ्यांसारखं काहीतरी गुळमुळीत बोलतील, पुढच्या वर्षी बघू वगैरे. जिजू तेवढ्यात वर आले होते आणि त्यांचं तसंच म्हणणं पडलं, की नेक्स्ट इयर सांगू, मूड घालवू नका. बाबांनी ते ऐकलं नाही. स्वयंपाकघरात गेले, भाचीसमोर खाली बसले, गुडघे कुरकुरले त्यांचे, आणि तिला सांगितलं.

"कॅप्सूल खाऊन तुला शेंगा चालतात की नाही, हे मी तपासलेलं नाही. म्हणून उद्या शेंगा नाहीत."

"पण आई म्हणाली तुम्ही तपासताय."

"मी शिंका तपासत होतो. आणि कोपर."

ती रडली नाही. रडली असती तर सगळ्यांची सोय झाली असती; कोणीतरी उचलून घेतलं असतं, कोणीतरी आइसक्रीम आणायला गेलं असतं.

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

तपासणी खात्याच्या माणसाकडे याचं एक तयार उत्तर असतं, की कोणी विचारलं नाही. बाबांनी ते दिलं नाही. आई पोळी लाटत होती ती लाटतच राहिली.

सोमवारी ती जत्रेला गेली नाही. ताईने रजा टाकली आणि तिला तिच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की कोपरांची खाज आणि शेंगदाण्याची गोष्ट यांचा या प्रश्नापुरता एकमेकींशी संबंध नाही. कॅप्सूल पोटात काय करते हा पुढचा प्रश्न. हिच्या बाबतीत घोळ तोंडात घास गेल्याबरोबर सुरू होतो. दाणा देऊन बघायचाच असेल तर तो कधी बघायचा ते त्या ठरवतील, हॉस्पिटलात, सगळी तयारी समोर ठेवून, आणि आत्ता नाही. घरी नाही, जत्रेत तर नाहीच. त्या ओरडल्या नाहीत. ताईला कोणाचा तरी ओरडा खायचा होता, मला दिसत होतं. येताना तिने मला बजावलं की यावर पत्रक लिहू नकोस. मी म्हटलं, लिहीन, नाव घालणार नाही. ती त्या दिवसापुरती माझ्याशी बोलली नाही.

एन्झाइमवाला आजही तिथेच आहे. चाचणी रद्द झाल्यावर त्याने आपल्या गिऱ्हाइकांना संदेश पाठवला की ज्येष्ठ अभियंत्यांच्या देखरेखीखाली झालेल्या चाचणीत सहभागी लोकांनी आणखी कॅप्सूलची मागणी केली. यात एकही शब्द खोटा नाही. मागणी केलीच होती. बाबांनी त्याला लांबलचक पत्र पाठवलं, मुद्देसूद. त्याने उत्तरादाखल दोन जोडलेले हात पाठवले. मी पत्रक लिहिलं आणि संध्याकाळी कंपन्या सुटताना बसस्टॉपवर उभी राहून वाटलं. लोकांनी घेतलं. वारा घेतला. एका मुलाने थांबून, फार सभ्यपणे, मला विचारलं की हे क्लिनिक नक्की कुठल्या इमारतीत आहे, कारण त्यालाही धुळीचा त्रास आहे.

पाकीट दत्तजयंतीला उघडलंच. बाबा गेले नव्हते. आरती झाल्यावर लोकांना राहवेना, खजिनदार काकांनी फोडलं. पिठी खाल्लेले आणि एन्झाइम खाल्लेले, दोन्हीकडे तेवढेच बरे आणि तेवढेच शिंकणारे. कोणाला फारसं वाईट वाटलं नाही. प्रसाद घेऊन घरी गेले. भाचीची बाटली कुठली निघाली ते मला माहीत आहे. ताईला जाणून घ्यायचं नव्हतं, बाबांनी विचारलं नाही. इथेही लिहीत नाही, कारण लिहिलं की वाचणारा लगेच त्यावरून शेंगांबद्दल काहीतरी ठरवेल.

भाची बरी आहे. दप्तरात इंजेक्शन असतं, ते कसं द्यायचं हे तिला पाठ आहे आणि वर्गातल्या दोन मुलींना तिने शिकवलंय. शनिवार-रविवार अजून आमच्याकडे येते. आईशी खेळते, माझ्याशी भांडते, बाबांशीही बोलते, अभ्यासातलं काही अडलं तर त्यांनाच विचारते. फक्त त्यांच्या हातचं काही खात नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा बाबांनी तिच्यासाठी पेरू कापला होता, पेरूच, त्यात काय असणार. तिने बशी बघितली आणि ताईला विचारलं, "हे कोणी तपासलंय?" ताई तिच्यावर रागावली. बाबा म्हणाले, रागावू नकोस, बरोबर विचारतेय.

आता तशीच पद्धत पडून गेलीय. बाबा फळ कापतात, बशी ताईपुढे ठेवतात. ताई एक फोड आधी आपण खाते, मग तिला देते. तेवढा वेळ बाबा पेपर समोर धरून बसतात आणि पान उलटत नाहीत.